होय, मुलीने

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, तर आधी खाली बस. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, तो कुरकुरतच असतो. दिवसातून दोनदा फोनवर बोलणारी आई पत्र लिहायला का बसली, हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कळणार नाही, आणि मधलं सोडून शेवट आधी वाचायचा नाही. तुझी ती खोड मला ठाऊक आहे. फोनवर सांगायचा प्रयत्न मी केला गं. रविवारी केला, काल पुन्हा केला. पण मी अर्धं वाक्य बोलले की उरलेलं अर्धं तू बोलतेस, आणि तू जे बोलतेस ते नेहमी माझ्याच बाजूचं असतं. मग मला नुसतं हो म्हणणं सोपं जातं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. पहिली पाळी संपवून मी हॉस्पिटलात कपड्यांच्या खोलीत बसलेय, मांडीवर रजिस्टर आणि त्यावर हा कागद. ॲम्ब्युलन्सवाले दादा तुझ्याच गल्लीत राहतात, ते संध्याकाळी घरी जाताना देतील. दाराच्या फटीतून सरकवू नका, तिच्या हातातच द्या, असं त्यांना बजावलंय.

परवा तुझ्या ऑफिसवरून गेले. मुद्दाम नाही, बस त्या रस्त्याने वळवली होती. पाटी होती तिथे भिंतीवर चौकोनी पांढरा डाग आहे आणि चार भोकं. खालच्या झेरॉक्सवाल्याने हाक मारून बसवलं. अजून लोक कागदांच्या पिशव्या घेऊन जिना चढतात, कुलूप बघतात आणि उतरतात म्हणाला. शिंपीमामा तर पिशवी त्याच्याकडेच ठेवून गेलेत, ताई येतील तेव्हा बघतील म्हणून. कधी येणार ताई, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, गुरुवारी करसल्लागारांच्या मंडळासमोर सुनावणी आहे, परवाना परत द्यायचा की कायमचा काढून घ्यायचा ते त्या दिवशी ठरेल. तो म्हणाला, देतील हो, एवढ्या सरळ मुलीला नाही देणार तर कुणाला. मला तिथे बसवेना. चहा मागवला होता त्याने, तो तसाच टाकून उठले.

तुला आठवतं, मला कॉलेजात घालायचं खूळ तुझंच होतं. मी सतरा वर्षं हत्यारं निर्जंतुक करायच्या या विभागात मदतनीस. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, मोजायची, कापडात बांधायची, मशीनमध्ये लावायची. माझ्यापेक्षा निम्म्या वयाची पोरं पदविका घेऊन यायची, टेक्निशियन व्हायची आणि मलाच विचारायची की मावशी, हा चिमटा कुठल्या सेटमधला. तू एक दिवस फॉर्म घेऊनच आलीस. मी एकोणपन्नासाव्या वर्षी वही-पेन घेऊन कुठे जाऊ म्हणून भांडले तुझ्याशी. भांडणात तू कुणाला जिंकू दिलंयस कधी. संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षांचे. फी ऐकून मी खालीच बसले होते. तू म्हणालीस, मी भरते, आणि थेट कॉलेजच्या खिडकीवर जाऊन दोन वर्षांची एकदम भरून आलीस. ऑफिससाठी दुसरं टेबल आणि कपाट घ्यायचं म्हणून साठवलं होतंस ना ते. मला नंतर कळलं.

त्याच संध्याकाळी तू ओट्यावर तीन वाट्या मांडल्यास. आई, नीट बघ, म्हणालीस. पहिली वाटी म्हणजे आईने फी स्वतः भरली आणि हॉस्पिटलने ती परत दिली, तर त्या पैशांवर कर नाही. दुसरी वाटी म्हणजे घरच्या कुणी थेट कॉलेजात भरली, तर भरणाऱ्याला स्वतःच्या करात वजावट मिळते. आणि घरच्यांनी भरलेली असताना हॉस्पिटलने तिचे पैसे आईला दिले, तर तिसरी वाटी. ते पैसे पगारच समजायचे आणि त्यातून कर कापून घ्यायचा. तू दुसऱ्या वाटीत होतीस, म्हणून मी तिसऱ्या. एका पावतीचं कौतुक दोनदा करून घ्यायचं नाही, असं तू म्हणाली होतीस. मी मान डोलावली. तुझ्या लक्षात तेवढंच राहिलंय, आईने मान डोलावली. पण मी नुसती मान डोलावली नव्हती. तू आत दिवा लावायला गेलीस तेव्हा मी त्या तीन वाट्यांकडे बघत सगळं मोठ्याने म्हणून दाखवलं होतं आणि तू आतून म्हणालीस, माझ्या गिऱ्हाइकांना तीनदा सांगावं लागतं, तुला एकदात समजलं. विसरलीस तू ते. मी विसरले नाही.

पुढचं तुला माहीत आहे. पास झाले, टेक्निशियन झाले, एक वर्ष परिविक्षेवर. हॉस्पिटलकडून फी परत मिळणार होती त्याचं काय झालं असं तू विचारलंस, तर मी सांगितलं की मंजूर झाली नाही, यंदा निधी नाही म्हणतात. आणि आठ महिन्यांनी तुझ्या नावाने कर खात्याची नोटीस आली. एकच पावती दोन ठिकाणी, तुझ्या रिटर्नमध्ये आणि हॉस्पिटलच्या हिशेबात. तू वजावट घेतलेली, आणि हॉस्पिटल म्हणतंय की कर्मचारी बाईंनी फी स्वतः भरली, आम्ही ती पूर्ण परत दिली, कर न कापता.

तो रविवार मला घड्याळातल्या काट्यासकट आठवतो. तू चप्पल न काढताच आत आलीस. आवाज मात्र मऊ ठेवला होतास. आई, फॉर्मवर तू काय लिहिलं होतंस, एवढंच विचारलंस. फॉर्मवर प्रश्न होता, शुल्क कुटुंबाने भरले आहे काय, होय की नाही. मी म्हटलं, ‘नाही’ असं लिहिलं. का, असं तू विचारलंस. आणि मी म्हटलं, कुटुंब म्हणजे मीच की गं. तुझे बाबा मला कुटुंब म्हणायचे. मी कुठे भरली होती फी, म्हणून ‘नाही’ लिहिलं. आणि ते पैसे आल्याचंही मला कळलं नाही, पगारात काय काय येतं त्यातलं मला कुठे कळतं.

तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस, मग हसत सुटलीस. हसता हसता खुर्चीवर बसलीस आणि डोळे पुसायला लागलीस. तुला तिसरीतला निबंध आठवला होता. तो मलाही आठवला. बाबा घड्याळ दुरुस्त करता करता गिऱ्हाइकाला सांगायचे, कुटुंबाला विचारून कळवतो, आज कुटुंबाला बरं नाही, कुटुंब माहेरी गेलंय. ते ऐकून ऐकून तू वर्गात ‘माझे कुटुंब’ असा निबंध लिहिलास. माझे कुटुंब उंच आहे. माझ्या कुटुंबाला चहा फार लागतो. कुटुंब रागावले की भांडी वाजतात. बाईंनी खाली लाल शाईने विचारलं, कुटुंबात माणसे किती? तू त्याच्याखाली लिहिलंस, एक. बाबांनी ती वही दुकानात नेऊन महिनाभर सगळ्यांना दाखवली. त्या रविवारी तू म्हणालीस, बाबांनी जाता जाताही घोटाळा करून ठेवला बघ. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मी तो हात खांद्यावर तसाच राहू दिला.

मग तू माझ्याच टेबलावर बसून उत्तर लिहिलंस. मला समजावून सांगितलंस की फी मी भरली असं लिहिलं तर हॉस्पिटल तुझा फॉर्म खोटा ठरवेल, तू अजून परिविक्षेवर आहेस, नोकरी जाईल. त्यापेक्षा मी माझी वजावट मागे घेते, थोडा दंड भरते, विषय संपला. फी आईने भरली असं तू कुठेही लिहिलं नाहीस. खोटा शब्द एकही नव्हता त्यात. ‘सदर वजावट मी मागे घेत आहे, चूक माझी आहे,’ एवढंच. मी तुझ्या मागे उभी राहून ते वाचलं, चूक माझी आहे, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

तुला वाटलं होतं तिथे संपेल. पण जी दुसऱ्यांचे रिटर्न भरते तिनेच स्वतःच्या रिटर्नमध्ये चुकीची वजावट घेतली, हे मंडळाला कसं चालेल. एका वर्षासाठी परवाना बंद आणि वर्षाच्या शेवटी सुनावणी. पाटी तू स्वतः काढलीस, स्क्रूड्रायव्हर माझ्याकडून नेलास. त्यानंतर वर्षभर दुसऱ्याच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तू आकडे भरतेस आणि सही दुसरा करतो. तोंडातून ब्र काढला नाहीस. तुझ्या मावशीने एकदा विषय काढला, तर तू तिच्यावर केवढी उखडलीस. आईला बोलायचं नाही, तिला बिचारीला त्यातलं काय कळतं, असं म्हणालीस. मी तिथेच होते, कपड्यांच्या घड्या घालत. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि घड्या घालत राहिले.

तेव्हापासून तू माझी सगळी कागदपत्रं बघतेस. विजेचं बिलसुद्धा वाचून दाखवतेस. मला विचारल्याशिवाय कुठेही सही करू नकोस, असं दर आठवड्याला सांगतेस. अगं बाई, मी दिवसाला तीस-चाळीस सह्या करते. मशीनमधून निघालेल्या प्रत्येक खेपेच्या कागदावर माझी सही नसेल तर ऑपरेशनच्या खोलीत एक चिमटा आत जात नाही. मागे एकदा हत्यारं निर्जंतुक झाल्याची खूण दाखवणाऱ्या पट्टीवरच्या रेघा पुऱ्या काळ्या झाल्या नव्हत्या म्हणून मी अख्खी खेप अडवली. मोठे सर्जन स्वतः खाली आले, माझ्यावर ओरडले, पेशंट टेबलावर आहे म्हणाले. मी म्हटलं, असू दे, मी सही करणार नाही. ते परत गेले आणि संध्याकाळी येऊन सॉरी म्हणाले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, ही बाई एवढी हुशार, मग हिला कुटुंब शब्द कसा कळला नाही. वर्षभर मी तुझ्यासमोर वेड पांघरून बसले. फोनवर मुद्दाम साधे प्रश्न विचारले. बँकेतलं पत्र समजूनसुद्धा तुझ्याकडे घेऊन आले. सांगायला लाज वाटते, पण त्यात मला थोडं सुखही लागायचं. तू किती मायेने समजावून सांगायचीस.

शनिवारी तू सुनावणीत द्यायचं निवेदन फोनवर वाचून दाखवलंस. आता आई कायम झाली, आता खरं सांगायला हरकत नाही, असं म्हणालीस. न समजता झालेल्या चुकीला कुणी फासावर देत नाही, आणि त्यांना माझा तो निबंधही दाखवीन, म्हणालीस, वही अजून आहे. तू केवढी खुशीत होतीस, किती महिन्यांनी तुझा तो आवाज ऐकला. मग ते वाक्य आलं. ‘माझ्या आईचे शिक्षण बेताचे असून फॉर्ममधील शब्दाचा अर्थ तिला समजला नाही.’ चालेल ना गं, तुला वाईट नाही ना वाटणार, असं तू विचारलंस. मी म्हटलं, छान लिहिलंयस.

आता फॉर्मच्या दिवशी काय झालं ते सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आस्थापनेच्या खोलीत हेडक्लार्क होते, आता निवृत्त झालेत ते. मी फॉर्म भरत होते. शुल्क कुटुंबाने भरले आहे काय, हा प्रश्न आला आणि मी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, ‘होय, मुलीने’. चांगल्या अक्षरात, अभिमानाने. मुलगी मोठी झाल्याचं कागदावर लिहायला मिळतंय म्हणून जरा ठळकच लिहिलं. हेडक्लार्कनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, बाई, चौथा हिस्सा करात जाईल हो. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, तसं बघितलं तर आमच्याकडे कुटुंब म्हणजे बायको, म्हणजे तुम्हीच कुटुंब, तुम्ही भरली नाही ना, मग लिहा ‘नाही’. खोलीतले सगळे हसले. मीही हसले, तोंडावर हात धरून. त्यांनी थट्टाच केली होती, त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. ते शिक्का आणायला आत गेले. पेन माझ्या हातात होतं.

तोंडावरचा तो हात, तेच सांगायचंय. माझे समोरचे चार दात गेलेले होते, तुला माहीतच आहे. विभागात तोंडाला मास्क असतो, कुणाला दिसत नाही. पण वर्गात दोन वर्षं मी हात धरून बोलले. तोंडी परीक्षेत सर दोनदा म्हणाले, हात काढून बोला, ऐकू येत नाही. काढला तेव्हा बाजूच्या बाकावरची पोरगी खाली बघायला लागली. हॉस्पिटलसमोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला होता. फी पूर्ण परत मिळाली तर कायमचे दात बसत होते. चौथा हिस्सा कापला गेला तर काढ-घाल करायची कवळी. मला कवळी नको होती. एवढंच कारण आहे भिंगरी, याहून मोठं कारण काही नाही. घरात कुणी आजारी नव्हतं, कुणी उपाशी नव्हतं. मी ‘होय, मुलीने’वर रेघ मारली आणि बाजूला ‘नाही’ लिहिलं. कर्मचाऱ्यांना दात फुकट बसवून देतात असं तुला सांगितलं. तू ऑफिसात येणाऱ्या लोकांनासुद्धा सांगितलंस, हॉस्पिटल किती चांगलं आहे, माझ्या आईचे दात करून दिले. प्रमाणपत्राच्या दिवशी तू माझे सतरा फोटो काढलेस, आई, अजून हस, अजून हस म्हणत. तुझ्या टेबलासाठी साठवलेल्या पैशांचे दात घालून मी तुझ्यापुढे हसत होते.

आणि ती पळवाटही माझी नव्हती. कुटुंब म्हणजे मीच, हा हेडक्लार्कचा विनोद मी उचलला आणि तुझ्या बाबांच्या नावावर खपवला. त्यांनी आयुष्यात कुणाचं घड्याळ न सांगता उघडलं नाही. त्यांच्या तोंडचा तो शब्द, किती मायेने म्हणायचे ते, आणि मी तो पुढे करून तुझ्यापासून लपले.

काल सोमवारी रेकॉर्डवाला म्हणाला, बाई, तुमचं सेवापुस्तक मागवलंय, मंडळाला मूळ फॉर्म बघायचाय, गुरुवारच्या आत. तुम्ही प्रशासनाकडेच चाललात तर घेऊन जा. कुणालाच काही वाटलं नाही त्यात, वीस वर्षांच्या वर ओळखतात मला. मी ते घेऊन इथे, याच खोलीत आले आणि दार लोटलं. फॉर्मचं पान उघडलं. आमच्या विभागात पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावतात. लिहिण्यात चुकलं तर गिरगटायचं नाही, एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला छोटी सही करायची. पाप करताना मी तीच शिस्त पाळली होती. ‘होय, मुलीने’ स्वच्छ वाचता येतंय. त्यावर एक रेघ, बाजूला माझी सही, आणि पुढे ‘नाही’. तुझ्यासारखीला सोड, झेरॉक्सवाल्याला दाखवलं तरी तो सांगेल की हिला प्रश्न समजला होता.

मला उपरती झाली म्हणून मी हे लिहितेय असं समजू नकोस. आधी नुसती भीती वाटली. मी सेवापुस्तकाच्या दोऱ्याची गाठ सोडली, फॉर्म बाहेर काढला, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशात ठेवला. कागद गहाळ होतात, इथे तर नेहमीच होतात. दहा मिनिटं मी तशी बसले होते. मग मशीनची घंटा झाली म्हणून उठले, खेप बाहेर काढली, पट्ट्या पाहिल्या, सही करायला पेन काढलं तर बोटांना तो कागद लागला. आणि तेव्हा डोक्यात आलं की कागद सापडला नाही तर संशय कुणावर येईल. माझ्यावर नाही. मला काय कळतं, मी बिचारी. कागदांचं कळतं ते तुला. मुलीने आईकडून कागद काढून घेतला, असंच म्हणतील. त्यानंतर तुझा परवाना देवही परत मिळवून देऊ शकला नसता. खेपेवर सही केली आणि परत आत आले. फॉर्म होता तसा दोऱ्यात ओवला. घड्या काही गेल्या नाहीत, त्यावर चार घड्या आहेत. त्या कशा पडल्या असं विचारलं तर तेही सांगणार आहे.

त्यानंतर एका कागदावर सगळं लिहिलं. फी मुलीने भरली, तिची वजावट खरी होती, मला प्रश्न समजला होता, मी जाणूनबुजून खोडलं, मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. प्रशासनाच्या साहेबांना सेवापुस्तकासोबत दिलं आणि एक प्रत मंडळाच्या खिडकीवर देऊन पोच घेतली. साहेबांनी दोनदा वाचलं. कुणी लिहून घेतलं का तुमच्याकडून, असं विचारलं. मग दार लावून म्हणाले, बाई, समजुतीत घोटाळा झाला असं लिहा ना, मी मिटवून टाकतो. चांगला माणूस आहे. वर्षभरात ही वाट मला कितीजणांनी दाखवली बघ, तू धरून. मी नाही म्हटलं. आता चौकशी होईल. पैसे पगारातून कापतील, टेक्निशियनचं पद जाईल, कदाचित नोकरीही जाईल. परत गाठोडी बांधायला बसवलं तर बांधीन, हात विसरलेले नाहीत. त्यासाठी तू धावाधाव करायची नाही, कुणाला फोन करायचे नाहीत आणि माझ्यासाठी काहीही लिहायचं नाही.

माफ कर असं लिहिणार होते, दोनदा लिहिलं आणि खोडलं. आज मागितली तर तू लगेच देऊन टाकशील, उरलेलं अर्धं वाक्य स्वतःच बोलून, म्हणून आज मागत नाही. हे पत्र एकाच कामासाठी लिहिलंय. तुझ्या निवेदनातलं ते वाक्य काढ. फॉर्म त्यांच्या टेबलावर असेल आणि तू उभी राहून आईला अर्थ समजला नाही असं वाचशील, तर तुझ्या तोंडचा तो पहिला खोटा शब्द असेल आणि तो मी तुझ्या तोंडी घातलेला असेल. निबंधाची वही घरी ठेव. गुरुवारी मी तिथे येणार आहे, मलाही बोलवलंय, बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. तू आत जाताना माझ्यापाशी थांबू नकोस. ते तुला विचारतील, तुमच्या आईला प्रश्न समजला नव्हता का. तुला माझी दया येईल, सवयीने तू माझी बाजू घ्यायला जाशील. घेऊ नकोस. समजला होता, असं सांग.

तुझीच,
आई